रिकाम्या पुंगळ्या

टेरेंटी खाडीत कुणाच्या हाती काय शोभतं हे ठरवण्याचा मक्ता मित्रोफानकाकांना कुणी दिला, हे आज कुणालाच सांगता यायचं नाही. पण तो त्यांच्याकडे होता, आणि गावाची त्याला ना नव्हती. ठरवायचं काम एकाने अंगावर घेतलं की बाकीच्यांना नावं ठेवायला सवड मिळते. काकांनी उभी हयात बाहेरच्या शिकाऱ्यांना अलास्कातल्या कोडिअ‍ॅकच्या डोंगरात अस्वलासमोर नेऊन उभं करण्यात घालवली होती, आणि नेलेला प्रत्येक माणूस सगळ्या अवयवांसकट परत आणला होता. एवढ्या भांडवलावर माणूस होडीच्या इंजिनापासून दुसऱ्याच्या सुनेपर्यंत कशावरही मत देऊ शकतो. काका देत.

त्यामुळे ईस्टरनंतरच्या रविवारी, प्रार्थना आटोपून मंडळी चर्चबाहेर चहा घेत उभी असताना, नदीच्या तोंडावरची जागा फेन्याच्या नावावर करायची की किरीलच्या ते मासेमारी सुरू होण्याआधी ठरवू, असं काका म्हणाले तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एकट्या फेन्याला. तिच्या हिशेबी ती जागा केव्हाच तिची झालेली होती.

जागा म्हणजे खाडीपलीकडचा गोट्यांचा किनारा, एक खोली, मासे धुरवायची खोपी, आणि किनाऱ्यापासून आत पाण्यात सोडायचं सॅमनचं जाळं. आजीने ती धरली, मग तिच्या दोन मुलांनी. थोरला, म्हणजे फेन्याचा बाप, गेला. तेव्हापासून धाकटे मित्रोफानकाका आणि फेन्या दर उन्हाळा तिथे काढत आले होते. अलीकडे काकांचे गुडघे गेले. ते किनाऱ्यावर उपड्या क्रेटवर बसून जाळं कसं ओढावं ते ओरडून सांगत, आणि फेन्या आपल्याला हवं तसं ओढे. दोघांचंही समाधान होई.

किरील हा काकांचा मुलगा. शहरात ट्रकचे सुटे भाग विकायचा. माशाच्या वासाने त्याचं डोकं चढे, पण त्या किनाऱ्यावर चार लाकडी खोल्या बांधून पाहुणे ठेवावेत असं त्याने मनात घेतलं होतं, आणि ते बापाच्या कानावर घातलं होतं. मुलगा घराकडे परततोय म्हटल्यावर कुठला बाप विरघळणार नाही? पण अकरा उन्हाळे राबलेल्या पुतणीला उठवून मुलाला बसवलं असं सरळ म्हणायची काकांचीही छाती नव्हती. म्हणून त्यांनी मध्ये अस्वल आणलं.

अस्वल खरं होतं. मागच्या ऑक्टोबरात फेन्याने एकटीने हरीण मारलं आणि ते जागेवरच फाडायला बसली. दोन्ही हात कोपरापर्यंत आत, रायफल मागे आल्डरच्या झुडपाला टेकवलेली. इथल्या अस्वलांना गोळीचा आवाज म्हणजे पंगतीचं बोलावणं झालं आहे. एक मादी आली आणि नेमकी फेन्या आणि रायफल यांच्या मध्ये उभी राहिली. फेन्या तिच्याशी हळू आवाजात बोलत उलट्या पावलांनी सरकली, मादीने हरीण नेलं, आणि थोड्या वेळाने फेन्या रायफल उचलून घरी आली. यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक एवढीच केली, की घडलं तसंच्या तसं गावात सांगितलं.

"मी असतो तर ती तिथेच आडवी झाली असती," काका चर्चबाहेर म्हणाले. "अंगावर हत्यार नको? नवरा तुझा निम्मा महिना उत्तरेत तेलविहिरींवर. खोलीत तू एकटी, दारात माशांचा ढीग. उद्या वर गेल्यावर तुझ्या बापाला काय सांगू मी?"

"सांगा, हरीण गेलं, पोरगी आली."

मंडळी हसली. काकांना ते आवडलं नाही, आणि अट त्यांनी जरा कडक घातली. मासेमारी सुरू होण्याआधीच्या शेवटच्या रविवारी, खडीच्या खाणीत, फेन्याने सगळ्यांसमोर टायर थांबवायचा. थांबवला तर जागा तिची. नाहीतर किरीलची.

टायर हा इथला जुना वसंतातला खेळ. ट्रकचा मोठा टायर घ्यायचा, त्याच्या भोकात पुठ्ठा ठासायचा आणि खाणीच्या उतारावरून सोडून द्यायचा. तो उड्या मारत, वाकडातिकडा, वेग धरत येतो. त्याच्या येण्यात अस्वलाच्या येण्याचं थोडं साम्य आहे असं ज्यांनी दोन्ही पाहिलंय ते सांगतात. खाली उभं राहून, तो आपल्याला गाठायच्या आत पुठ्ठ्याला भोक पाडायचं. टायर थांबवणं म्हणतात ते हेच. बहुतेकांना जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी बिअर पाजायची.

आणि हत्यार? ते काकांनीच ठरवलं. पट्ट्यातून आपली तोफ काढली आणि फेन्याच्या हातात ठेवली.

तोफ म्हणजे पाचशे कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर. जगात खांद्याला न लावता उडवायचं याहून मोठं म्हणून फार काही मिळत नाही. काडतूस बोटाएवढं जाड, चाकात पाचच मावत. टेक्ससच्या एका शिकाऱ्याने खूश होऊन ते काकांना बक्षीस दिलं होतं. त्याआधी सगळी कारकीर्द काका साध्या चव्वेचाळीस कॅलिबरवर सुखी होते. पण बक्षीस कमरेला आल्यापासून चव्वेचाळीस हे त्यांच्या लेखी उंदरांसाठी झालं, आणि त्यांनी आपलं जुनं विकूनही टाकलं.

फेन्याने वाद घातला नाही. जागा ज्याच्या हातात, हत्यार त्याच्या आवडीचं, असा सरळ व्यवहार तिने मनाशी मांडला आणि सोमवारपासून ती खाणीत जायला लागली. पहिल्या गोळीला कावळे उडाले. दुसरीला तिची टोपी उडाली. पुठ्ठ्याला काही झालं नाही. ती रोज गेली. मनगटाला पट्टी बांधून गेली, पट्टीवर पट्टी बांधून गेली. मधल्या वेळात होडी दुरुस्त करताना तोफ छातीवर बांधून बघितली, तर वाकलं की नळी बरगडीत घुसे. चार दिवसांत तोफ होडीच्या टोकाला बादलीत जाऊन बसली. म्हणजे हात गुंतलेले असताना रायफल जिथे असायची, जवळपास तिथेच. हे फेन्याच्या लक्षात आलं आणि ते तिला बिलकूल आवडलं नाही.

शनिवारी बान्यात, म्हणजे गावच्या वाफेच्या न्हाणीत, पेर्पेटुआने तिचा हात बघितला. पेर्पेटुआ ही मासळी कारखान्याच्या रखवालदाराची बायको. तरुणपणी फिलिपिन्समधल्या इलोइलोहून मासे कापायला एका उन्हाळ्यापुरती आली, आणि तो उन्हाळा अजून संपला नव्हता. फेन्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात वांग्यासारखा काळानिळा डाग होता.

"हे नवऱ्याने केलं की काकांनी?" तिने विचारलं.

फेन्याने सगळं सांगितलं. पेर्पेटुआने तापल्या दगडांवर पाणी टाकलं आणि वाफ निवेपर्यंत काही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत फारच झालं. मग म्हणाली, की कारखान्याचा कचरा टाकायला जाताना टेकाडावर तिचा रोज अस्वलांशी संबंध येतो, आणि आजवर एकानेही तिला तुझ्या कमरेला कितीचं आहे असं विचारलेलं नाही.

त्याच आठवड्यात फेन्याचा नवरा वॉल्ट सुट्टीवर आला. त्याने अँकरेजहून बायकोसाठी भेट आणली होती: टायटॅनियमचं रिव्हॉल्व्हर. चव्वेचाळीसच, पण वजनाला लोण्याच्या भरल्या डब्याएवढं. फेन्याने ते छातीवर बांधलं, जाळं सांधलं, स्वयंपाक केला, एकदा तसंच घालून झोपली. अंगावर असल्याचं जाणवेना. वॉल्ट खूश झाला. इतकी वर्षं त्याने आणलेल्या भेटी तिने एकतर बदलून घेतल्या होत्या किंवा चुलतबहिणीला दिल्या होत्या.

काडतुसं मात्र काकांची. गावात चव्वेचाळीसची काडतुसं काकाच स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरत. जड गोळी, भरपूर दारू, आणि विकतच्या काडतुसांना नावं ठेवणं त्यात फुकट. फेन्या पेर्पेटुआला घेऊन खाणीत गेली. तीन बार झाले. हात भाजल्यासारखा झाला, पण झाले. चौथ्याला चाप दबेचना. चाक फिरत नव्हतं. फेन्याने दोन्ही हातांनी जोर लावला. चाक जागचं हललं नाही.

पेर्पेटुआने वाकून समोरच्या बाजूने बघितलं. चौथ्या काडतुसातली गोळी पितळी पुंगळीतून सरकून चाकाबाहेर डोकावत होती आणि चौकटीला अडत होती. कारण कळायला दोघींना वेळ लागला नाही. हत्यार इतकं हलकं, की बाराच्या धक्क्याने ते झटक्यात मागे जाई. उरलेल्या पुंगळ्याही त्याच्याबरोबर मागे जात, आणि त्यांतल्या जड गोळ्या आळशी माणसासारख्या होत्या तिथेच राहत. दर बाराला थोड्या थोड्या बाहेर. काकांच्या पुंगळ्यांच्या कडा तेवढ्या घट्ट दाबलेल्या नसत. त्यांच्या वजनदार रिव्हॉल्व्हरांना तशी गरजच पडली नव्हती.

"तीन गोळ्यांत अस्वलाची समजूत पटली तर ठीक," पेर्पेटुआ म्हणाली.

फेन्याने हे काकांच्या कानावर घातलं. खेळण्यात खरं काडतूस घातलं की असंच होणार, असं काका म्हणाले, आणि चहा विचारला नाही. विकतची साधी काडतुसं घातली तर गोळी सरकत नव्हती हे खरं. पण त्यांनीही तळहात असा चावला जाई, की सरावासाठी ते हातात घ्यायचं म्हटलं की फेन्याला घरातली दुसरी कामं आठवायला लागत. स्वतःला ती इतकी ओळखून होती, की जे उचलायचा कंटाळा येतो ते वेळेला नीट चालवता येणार नाही.

वॉल्टला सांगणं जास्त जड गेलं.

"हलकं म्हणूनच घेतलं मी," तो म्हणाला. "तू सतत जवळ बाळगावंस म्हणून."

"मी त्याला बाळगेन रे. चौथ्या वेळेला ते मला बाळगणार नाही."

त्याने ते पुसून पुन्हा खोक्यात ठेवलं. परत जायच्या दिवशी, विमानाची वाट बघताना म्हणाला, की बदलायचंच असेल तर निदान चुलतबहिणीला देऊ नकोस.

तिने ते पेर्पेटुआला दिलं. पेर्पेटुआ कचऱ्यावर जाताना ते विकतच्या काडतुसांसकट खिशात टाकणार होती, आणि बदल्यात तिचं जुनं पोलादी चव्वेचाळीस फेन्याकडे आलं. आखूड नळीचं, मुठीचं लाकूड घामाने काळं झालेलं. तोफेच्या मानाने ते बरंच हलकं होतं आणि वॉल्टच्या भेटीच्या मानाने बरंच जड; छातीवर जाणवे पण टोचत नसे. काडतुसं तिने विकतची, मधल्या ताकदीची, जड टणक गोळीची घेतली. कुणाला दाखवून छाप पडावी असं त्यात काहीच नव्हतं. दुकानात ठेवलं असतं तर किरीलने पुढचं दाखवा म्हटलं असतं.

पण अजून एक गोष्ट फेन्याला सलत होती. पुठ्ठा स्थिर असला तरी तिचे नेम खालीच लागत. तोफेने लागत, वॉल्टच्या भेटीने लागत, आता यानेही लागायला लागले. हत्यारं बदलत होती, भोकं मात्र तिथल्या तिथेच पडत होती.

"तू पोरगी असताना तुला कसं शिकवलं?" पेर्पेटुआने विचारलं.

पोरांना इथे सगळेच एकाच तऱ्हेने शिकवतात. हत्यार मोठ्याने भरायचं, पाठ वळवून. चाकात काही खरी काडतुसं, काही उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या. पोराला कळत नाही कुठली केव्हा येणार. पुंगळी रिकामी असली की घोडा नुसता टक् करून पडतो, बार नाही, धक्का नाही. आणि धक्क्याला भिऊन आधीच हात आवळणाऱ्या पोराची नळी त्या शांततेत उघडी पडते. खाली गचकन जाते. मग हसायचं, आणि नळी जायची थांबेपर्यंत तेच करायचं. मिसरूड फुटलं की हे बंद. मोठ्या माणसाला रिकाम्या पुंगळ्या भरून देणं म्हणजे त्याला भर चौकात दुपट्यात गुंडाळण्यासारखं. त्यामुळे टेरेंटी खाडीतला प्रत्येक पोर सरळ नेम मारायला शिकतो, आणि मग मोठी हत्यारं घेऊन, कुणी न तपासता, हळूहळू ते विसरतो.

पेर्पेटुआने पाठ वळवून भरलं. फेन्याने चाप ओढला. टक्. नळी अशी खाली गेली जशी कुणी पायाशी सांडलेलं वेचायला वाकतं.

"हं," पेर्पेटुआ म्हणाली, "आता तुझा आजार कळला."

तोफेने करून बघितलं तर त्याहून वाईट. तिथे डोळेही मिटत होते. तेव्हा फेन्याने ठरवलं, की कुठलं हत्यार मोठं, कुठलं नामांकित, कुणी दिलं, हे सगळं बाजूला. ज्याची नळी रिकाम्या पुंगळीवरही हलणार नाही, ते माझं. मे महिना तिने त्यात घातला. ती जाळी कमी आणि पुंगळ्या जास्त हाताळते अशी चर्चा झाली. पेर्पेटुआ भरे, फेन्या ओढे. नळी आधी हातभर जाई, मग वीतभर, मग बोटभर. शेवटी एक दिवस टक् झालं आणि नळीवर बसलेला डासही उडाला नाही. तोफेची नळी मात्र अखेरपर्यंत खाली जात राहिली. फेन्याने तिच्याशीही प्रामाणिकपणे झटापट केली. रोज पाच बार, नेमाने.

अशाच एका संध्याकाळी काका फोरव्हीलरवर बसून खाणीत आले. सराव कसा चाललाय ते बघायला, असं म्हणाले. पेर्पेटुआने तोफ नुकतीच भरून फेन्याकडे द्यायला हात पुढे केला होता. काकांनी ती मधल्यामध्ये घेतली.

"अशी धरायची," ते म्हणाले. "बायका तापल्या भांड्याच्या काठासारखी धरतात."

पेर्पेटुआला तोंड उघडायला वेळ होता. तिने ते उघडलं नाही. फेन्या "काका, थांबा" म्हणाली, पण काका थांबणाऱ्यांतले नव्हते. पहिला बार झाला, मोठा, छान, पुठ्ठ्याच्या खाली हातभर. दुसऱ्याला टक् झालं.

नळी जमिनीकडे गेली. नुसती गेली नाही. काकांचा खांदा, मान, सगळं तिच्यामागे गेलं, आणि दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते. त्या शांततेत खाणीच्या कडेवरून खडा घरंगळल्याचा आवाज आला. काकांनी डोळे उघडले, चाक उघडून आतल्या पुंगळ्या बघितल्या, चाक बंद केलं, आणि तोफ फेन्याच्या हातात दिली.

"पोरांचे खेळ," ते म्हणाले. फोरव्हीलर चालू व्हायला त्यांना दोनदा किल्ली फिरवावी लागली.

ते दिसेनासे झाल्यावर पेर्पेटुआ खाली बसून हसली. मग तिने फेन्याला सांगितलं, की आता काही करायची गरजच नाही. रविवारी सगळ्यांसमोर म्हणायचं, आधी तुम्ही उडवा, भरून मी देते. नाही म्हणाले तर गाव विचारील का, आणि हो म्हणाले तर गाव बघेल. अट गेली, टायर गेला, जागा तुझी.

"नाही," फेन्या म्हणाली.

"का? दया आली?"

"थोडी आली. पण नाही म्हणतेय ते त्या कारणाने नाही. गावासमोर हरलेला म्हातारा जागा देतो होय? मरेपर्यंत देणार नाही. आणि दिलीच तर लोक म्हणतील काकांचं हसं करून मिळवली. मला ती माझ्या हाताने मिळवायची आहे. तू कुणाला बोलायचं नाहीस."

पेर्पेटुआने खूप जड मनाने कबूल केलं. इतक्या वर्षांत खाडीत एवढी चांगली गोष्ट तिच्या हाती लागली नव्हती.

रविवारी खाणीत गाव लोटलं. कुणी पिठाच्या पारीत सॅमन भरून भाजलेला पिरोक आणला, कुणी घडीच्या खुर्च्या. किरील शहरातून नवे बूट घालून आला होता. वारसाने आधी हात दाखवावा म्हणून बापाने त्याला तोफ दिली. वरून टायर सुटला. किरीलने तीन बार काढले, तिन्ही खडीत. टायर त्याच्या नडगीला भेटून पुढे गेला. तो लंगडत बाजूला झाला आणि हसायला लागला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

मग काकांनी तोफ फेन्यापुढे धरली.

"ही नको," ती म्हणाली आणि छातीवरच्या कातडी म्यानातून जुनं चव्वेचाळीस काढलं.

गर्दीत हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, हे तर पेर्पेटुआचं कचऱ्यावरचं.

"कचऱ्यावर अस्वलं काय प्लास्टिकची येतात?" पेर्पेटुआ मागून म्हणाली.

"अट तोफेची होती," काका म्हणाले.

"अट टायर थांबवायची होती. हत्यार तुम्ही दिलंत, मी घेतलं, दीड महिना घासलं. काका, ती मला पेलत नाही. पेलत नाही हे मला पक्कं ठाऊक झालंय, आणि अस्वल समोर आल्यावर ते कळण्यापेक्षा हे बरं." ती एक पाऊल पुढे आली आणि चव्वेचाळीस उघडं करून, चाक रिकामं, त्यांच्या हातात ठेवलं. काडतुसांची पेटी दिली. दुसऱ्या खिशातून मूठभर रिकाम्या पुंगळ्या काढून त्याही दिल्या. "भरा तुम्ही. हवं तसं. मी बघत नाही."

हसू थांबलं. हे पोरांना करतात हे प्रत्येकाला माहीत होतं. पंचेचाळिशीची बाई ते भर गावात, आपण होऊन मागत होती. दोघा-तिघांनी माना खाली घातल्या, जणू काही नको ते बघायला लागत होतं. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग पेर्पेटुआकडे. पेर्पेटुआ आकाशाकडे बघत होती. तिच्या तोंडावरून, ते इतके दिवस बंद राहिल्याचा ताण स्पष्ट दिसत होता. काकांना काय समजायचं ते समजलं.

आता वाटेल की उपकार फेडायला म्हाताऱ्याने सहाच्या सहा खरी भरली असतील. काकांना तो हिशेब ठाऊकच नव्हता. त्यांनी पाठ वळवली, निवांतपणे भरलं, चाक बंद केलं आणि हत्यार परत दिलं. टायर वर नेऊन ठेवलेलाच होता. काकांनी हात वर केला.

टायर सुटला. पहिल्या दगडावर आपटून उंच उडाला आणि डावीकडे वळला. फेन्याने चाप ओढला. टक्. नळी होती तिथे होती. पुन्हा टक्. टायर आता निम्म्या उतारावर, मोठा होत होता. तिसऱ्याला बार झाला. रबराची एक चिरफळी उडाली, टायर डगमगला, पण आला. चौथ्याला टक्. मागे कुणीतरी श्वास आत ओढला. फेन्याची कोपरं, खांदे, काहीच हललं नाही. फक्त बोट पुन्हा मागे आलं. पाचवा बार झाला. पुठ्ठा मधोमध फाटला, टायर तिच्या बाजूने घसरत जाऊन तिरपा झाला आणि गोल गोल फिरत आडवा पडला.

सहाव्यासाठी तिने चाप ओढलाच. टक्. मग तिने चाक उघडून सगळं मातीत ओतलं. चार आधीपासूनच्या रिकाम्या, दोन आताच उडालेल्या.

किरील म्हणाला की दोनातली एक तर रबराला लागली, मग अर्धं यशच म्हणायचं.

"तू टायर बघत होतास?" काकांनी त्याला विचारलं.

"मग काय बघायचं?"

"मी एकदाही टायर बघितला नाही. मी नळी बघत होतो." काकांनी आवाज चढवला, की खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जावं. "जागा हिची. या आठवड्यात शहरात जाऊन नावावर करतो. किरील, तुला खोल्या बांधायच्या तर हिला विचार. भाडं काय घेते ते हीच सांगेल."

मग पिरोक कापला गेला. दरवर्षी शेवटचा टायर काका थांबवत, तसा आजही थांबवा, असं कुणीतरी म्हणालं. काकांनी गुडघ्यांवर हात ठेवून नाही म्हटलं. कुणी आग्रह केला नाही. पेर्पेटुआने पिरोकचा मोठा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

मंडळी पांगायला लागल्यावर काका फेन्याजवळ आले. ती मातीतल्या पुंगळ्या वेचत होती. त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"चार जास्त झाल्या का गं?"

"दोनच घातल्या असत्यात तर मला राग आला असता."

त्यांनी मान डोलावली. आजूबाजूला बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या दुपारी इथे येशील? भरून द्यायला. मला बघायचंय किती बिघडलंय. त्या बाईला आणू नकोस."

"उद्या जमायचं नाही, काका. उद्या होडी पलीकडे न्यायची आहे. नांगरांच्या दोऱ्या कुजल्यात, खोपीचं छप्पर उडालंय. परवा या. आणि तोफ घरी ठेवून या, माझं हे वापरा."

काकांनी तोंड उघडलं. या खाणीत कुठला दिवस आणि कुठलं हत्यार हे आजवर त्यांनीच इतरांना सांगितलेलं होतं.

"परवा किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"माझी होडी परत येईल तेव्हा."